दुसऱ्या दिवशी शेतात कोण असतं?

ट्रॉय म्हटलं की लोकांना लाकडी घोडा आठवतो, आणि अमेरिकेतल्या मराठी मंडळींना मिशिगनमधलं ट्रॉय. मोटारींच्या धंद्यामुळे तिथे आपले इंजिनियर ढिगानं आहेत. मी म्हणतोय ते ट्रॉय न्यूयॉर्क राज्यातलं. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला अडीच-तीन तासांवर, हडसन नदीच्या पूर्व काठावर वसलेलं, पन्नास हजार वस्तीचं गाव. एकोणिसाव्या शतकात इथे लोखंडाच्या भट्ट्या होत्या आणि शर्टाच्या सुट्या कॉलरी बनवण्याचे कारखाने होते. ते सगळं गेलं. राहिलं काय, तर एक नावाजलेलं इंजिनियरिंग कॉलेज, लाल विटांच्या देखण्या इमारती, आणि गावाबाहेर वीस मिनिटं गाडी हाकली की सुरू होणारी टेकड्या-टेकड्यांवरची शेती.

या टेकड्यांमध्ये एक प्रकार चांगलाच रुजलेला आहे. एखादं जुनं शेत घ्यायचं, तिथल्या गोठ्याची डागडुजी करून त्यात स्टुडिओ थाटायचे, चित्रकार, लेखक, वादक अशा मंडळींना महिनाभर तिथे राहायला बोलवायचं, आणि अधूनमधून आसपासच्या लोकांसाठी मेळावा भरवायचा. या व्यवस्थेला म्हणतात 'रेसिडन्सी'. आपल्याकडे रेसिडन्सी म्हटलं की हॉस्पिटलात छत्तीस-छत्तीस तास जागणारा भाचा डोळ्यांसमोर येतो. इथे नेमकं उलटं आहे. कलाकारानं निवांत झोपावं, हिंडावं, सुचलं तर काम करावं, न सुचलं तर कुणी विचारत नाही.

हा प्रकार काही कालचा नाही. ट्रॉयच्या उत्तरेला साराटोगा स्प्रिंग्जला 'याडो' आहे, तिथे १९२६ पासून लेखक-कलावंत येऊन राहतात. दक्षिणेला ऑस्टरलिट्झ गावी एडना सेंट व्हिन्सेंट मिले या कवयित्रीनं १९२५ साली ब्लूबेरीचं एक जुनं शेत घेतलं होतं. तिच्या पश्चात तिच्या बहिणीनं १९७३ साली तिथे कलावंतांसाठी वसाहत काढली. सेलमला एका जुन्या डेअरी फार्मवर २००५ पासून शिल्पकार मंडळी लोखंड कापतायत आणि काच फुंकतायत. त्याशिवाय छोट्या-छोट्या, नाव नसलेल्या जागा कितीतरी. पूर्वीच्या जागा एकांतासाठी होत्या. हल्लीच्यांच्या पत्रकावर मात्र हमखास तीन शब्द असतात: कला, शेती आणि निसर्ग. चौथा शब्द 'समाज'. आणि इथूनच माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागतो.

अशाच एका मेळाव्याला आम्ही जून महिन्यातल्या एका शनिवारी गेलो होतो. जागेचं नाव सांगत नाही, माणसं फार भली होती. सकाळी रानातून फेरी झाली, झाडं ओळखायला शिकवलं. मग कांद्याच्या सालींनी कापड रंगवणं, वेताच्या टोपल्या विणणं, मुलांसाठी मातीकाम. दुपारी पॉटलक. बायकोनं कोथिंबीरवड्या नेल्या होत्या. 'यात गहू आहे का' असं चार जणांनी विचारलं आणि नाही म्हटल्यावर पाच मिनिटांत डबा रिकामा! चारच्या सुमाराला गोठ्यात चेलोवादन होतं. आणि नेमक्या त्याच वेळेला रस्त्यापलीकडच्या शेतकऱ्यानं गवताचे गठ्ठे बांधायचं यंत्र सुरू केलं. धडाड धडाड धडाड. 'अर्धा तास थांबता का' असं विचारायला आयोजकांपैकी एक मुलगा पळत गेला. त्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टरवरून न उतरता आभाळाकडे बोट दाखवलं आणि काम चालू ठेवलं. रविवारी पाऊस येणार होता. कापून वाळवलेलं गवत एकदा भिजलं की त्याला बुरशी धरते, आणि मग हिवाळ्यात गाईंना काय घालायचं?

जमलेल्या साठ-सत्तर लोकांत थोडी कुजबुज झाली, थोडं हसू झालं. कुणी रागावलं नाही. पण गंमत बघा, शेतीच्या नावानं भरलेल्या त्या मेळाव्यात त्या दिवशी खरोखर शेती करणारा माणूस तो एकटाच होता, आणि तो रस्त्याच्या पलीकडे होता. त्याच्या यंत्राचा आवाज हा कार्यक्रमातला व्यत्यय ठरला.

मला या मेळाव्यांची टर उडवायची नाही. उलट दर वर्षी एक-दोन ठिकाणी मी जातोच. टीव्हीसमोर वडापाव खात शनिवार घालवण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. पण माझं म्हणणं असं आहे की अशा मेळाव्याची परीक्षा त्या दिवशी किती छान वाटलं यावर करू नये. ती दुसऱ्या दिवशी करावी. पाहुणे गेले, सतरंज्या गुंडाळल्या, आता त्या जमिनीवरचं काम हलकं झालंय की तसंच पडलंय? शेत करणाऱ्याच्या हाती चार पैसे, चार माणसं, निदान चार ओळखी जास्त आल्या का? आल्या असतील तर तो कला आणि शेतीचा मेळावा. नसतील तर ती शेताच्या पार्श्वभूमीवरची सहल. सहलही चांगलीच असते म्हणा, फक्त तिला दुसरं नाव देऊ नये.

कला आणि शेती एकत्र आणायची ही कल्पना नवी आहे असं इथल्या पत्रकांवरून वाटतं. आपल्या आजोबा-पणजोबांना ते वाचून हसूच आलं असतं. आपल्याकडे 'इर्जिक' होती. एखाद्याची नांगरट मागे पडली, घरात आजारपण आहे, बैल नाहीत, तर गाव आपापली औतं घेऊन त्याच्या शेतात उतरायचं आणि एका दिवसात रान नांगरून मोकळं व्हायचं. मजुरी नाही. मालकानं जेवण मात्र चांगलं घालायचं. कापणीला, खुडणीला माणसं एका ओळीत लागली की 'भलरी' सुरू व्हायची. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी झेलायचं. ते गाणं ऐकायला कुणी बसलेलं नसायचं. हात एका लयीत चालावेत, मागे पडणारा पुढे ओढला जावा, उन्हाचा विसर पडावा, यासाठी ते होतं. अमेरिकेतही हे होतं. शेजाऱ्यांनी जमून एका दिवसात कोठाराचा सांगाडा उभा करायचा, त्याला 'बार्न रेझिंग' म्हणत. मक्याची कणसं सोलायला रात्री लोक जमत, त्याला 'हस्किंग बी'. तिथे फिडल वाजे, नाच होई, आणि लाल दाण्यांचं कणीस ज्याच्या हाती लागेल त्याला मुका घ्यायची मुभा असे. (आपल्या इर्जिकीत ही सोय नव्हती, याची नोंद घ्यावी.)

मग हे वेगळं कसं झालं? यंत्रानं. जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण घ्या. गी प्वातव्हॅं आणि हेमा राईरकर यांनी पुणे परिसरातून आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. एक लाख! जगातल्या कुठल्याही भाषेला हेवा वाटावा असा हा साठा अशा बायकांनी रचला, ज्यांतल्या कित्येकींना लिहिता येत नव्हतं. गावात पिठाची गिरणी आली आणि ओवीचं कामच संपलं. म्हणून काय गिरणी नको होती? पहाटे तीनला उठून दोन-तीन तास दळण दळणाऱ्या बाईला विचारा. ज्यांनी जातं ओढलेलं नाही त्यांनीच जात्याचे गोडवे गावेत अशी आपल्याकडे रीत आहे. मी इंजिनियर माणूस, मी गिरणीच्या बाजूचा. पण एवढं मात्र दिसतं की कष्ट आणि गाणं एकाच दोरीनं बांधलेले होते. कष्ट कमी झाले, ते चांगलंच झालं, पण दोरी तुटली. आता ती परत जोडायची तर ती नुसत्या सजावटीनं जोडली जाणार नाही. गाण्याला तिथे काहीतरी काम असावं लागेल.

आणि 'काम असलेली कला' म्हणजे काय, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भारी उदाहरण नेमकं ट्रॉयच्याच परिसरातलं आहे. ते इथल्या मेळाव्यांत फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हडसनच्या दोन्ही काठांवरची ही जमीन मुळात महिकन लोकांची. १६३० च्या सुमाराला किलियान व्हान रेन्सेलर नावाच्या डच जवाहिऱ्यानं तिथे प्रचंड मोठी जहागीर उभी केली. डच गेले, इंग्रज आले, इंग्रज गेले, अमेरिका स्वतंत्र झाली, पण जहागीर तशीच! एकोणिसाव्या शतकात तिच्यावर सुमारे तीन हजार कुळं होती. शेती कुळांनी करायची, आणि त्यांचा करार पिढ्यान् पिढ्या चालायचा. दर शंभर एकरांमागे दर वर्षी दहा ते चौदा बुशेल गहू, चार लठ्ठ कोंबड्या, आणि वर्षातून एक दिवस आपली घोडागाडी घेऊन मालकाकडे फुकट राबायचं. आपण त्याला वेठ म्हणतो. कुळानं आपला हक्क दुसऱ्याला विकला तर त्या रकमेतही मालकाचा वाटा.

या जहागिरीचा एक मालक स्टीफन व्हान रेन्सेलर. ट्रॉयचं जे इंजिनियरिंग कॉलेज मी वर म्हटलं, ते १८२४ साली यानंच काढलं. शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या मुला-मुलींपर्यंत विज्ञान पोचावं, ते रोजच्या कामाला लागावं, म्हणून. त्याच्याबरोबर होता एमॉस ईटन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यानं घालून दिलेली पद्धत अशी की मास्तरांनी बोलायचं आणि पोरांनी ऐकायचं असं नाही, पोरांनी स्वतः प्रयोग करायचे आणि आसपासच्या शेतांत, कारखान्यांत जाऊन शिकायचं. दोनशे वर्षांपूर्वी ही अक्कल होती! जत्रेतला मोठा पाळणा ज्याच्या नावानं ओळखला जातो तो फेरिस याच कॉलेजातून १८८१ साली बाहेर पडला. म्हणजे बघा, एकाच माणसाच्या एका हातात शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा आणि दुसऱ्या हातात शेतकऱ्यांच्या खंडाची वही. तो खंडवसुलीत कडक नव्हता, थकबाकी साचू द्यायचा, म्हणून लोक त्याला 'भला जहागीरदार' म्हणत. १८३९ च्या जानेवारीत तो वारला आणि मृत्युपत्रात निघालं की थकलेली सुमारे चार लाख डॉलरची बाकी वसूल करा. वारसांनी तगादा लावला आणि कुळं उठली.

१८३९ च्या ४ जुलैला, म्हणजे स्वातंत्र्यदिनीच, पलीकडच्या डोंगरातल्या बर्न गावी कुळांनी जमून जाहीर केलं की खंड देणार नाही. पुढची सहा वर्षं हा झगडा चालला. आणि तो कसा चालला? सोंगं घेऊन! शेतकरी घरातल्या बायकांचे छापील कॅलिकोचे पायघोळ झगे घालायचे, तोंडावर मेंढीच्या कातड्याचे रंगवलेले मुखवटे चढवायचे आणि स्वतःला 'इंडियन' म्हणवायचे. (हे कॅलिको कापड म्हणजे आपलं कालिकत बरं का. नाव मलबारचं, झगा न्यूयॉर्कचा.) ज्यांची जमीन मुळात गेली त्यांचंच सोंग घेऊन नंतर आलेले जमिनीसाठी भांडत होते, यातला विरोधाभास त्यांना जाणवला असेल असं वाटत नाही. जप्तीचा कागद घेऊन शेरीफ येताना दिसला की शेतघरात जेवायला बोलावण्यासाठी असलेलं पत्र्याचं शिंग फुंकायचं. ते ऐकून पुढच्या घरातलं शिंग, मग त्याच्या पुढचं, आणि बघता बघता शेकडो मुखवटे हजर. यांचा एक म्होरक्या ट्रॉयच्या आग्नेयेच्या टेकड्यांतला गावडॉक्टर, स्मिथ बॉटन. मुखवट्यामागचं त्याचं नाव 'बिग थंडर', मोठा गडगडाट. त्याला १८४५ साली जन्मठेप झाली, १८४७ साली माफी मिळाली. वेषांतर करून हत्यारबंद फिरण्याविरुद्ध सरकारला खास कायदा करावा लागला. माणसंही मेली, १८४५ साली अँडीज गावी एक उपशेरीफ गोळीबारात ठार झाला. ते काही नुसतं नाटक नव्हतं. शेवटी १८४६ च्या नव्या राज्यघटनेत जहागिरी पद्धतीचे करार बंद झाले आणि शेतजमिनीच्या भाडेपट्ट्याला बारा वर्षांची मर्यादा आली. हळूहळू पुष्कळ कुळांनी जमिनी विकत घेतल्या.

आता या सगळ्यातली कला बघा. शिवणकाम होतं, मुखवटे होते, वाद्य होतं, पोवाडे रचले गेले, सभा झाल्या, जेवणावळी झाल्या. हल्लीच्या मेळाव्यातली प्रत्येक वस्तू तिथे होती. फरक एवढाच की मुखवटा चांगला रंगवला नाही तर ओळख पटून तुरुंगात जायची पाळी यायची. शिंग नीट वाजलं नाही तर शेजाऱ्याची गुरं लिलावात जायची. कलेला काम होतं, आणि ते काम जमिनीशी बांधलेलं होतं.

आपल्याला हे सगळं ओळखीचं वाटतं, कारण कोकणात खोती होती. अलिबाग तालुक्यातल्या चरीला २७ ऑक्टोबर १९३३ ला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला आणि सहा वर्षं खोतांची शेतं केली नाहीत. सहा वर्षं! १९३७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. त्याच्याही आधी सत्यशोधक मंडळींचे जलसे गावोगाव फिरत होते. तमाशाचा बाज घ्यायचा, आणि त्यातून सावकार आणि भटभिक्षुक शेतकऱ्याला कसे नागवतात ते दाखवायचं. तीही शेती आणि कला यांची गाठच होती. तिकीट लावून बघायची नव्हती एवढंच.

कुणी म्हणेल, प्रत्येक मेळाव्यात बंड कशाला हवं? निवांतपणा नको का? हवा ना. निवांतपणाचंही इथलंच उदाहरण देतो. नदीपलीकडे, आताच्या ऑल्बनी विमानतळाशेजारी, १७७६ साली शेकर पंथाच्या लोकांनी अमेरिकेतली आपली पहिली वस्ती केली. नंतर न्यू लेबननला त्यांचं मुख्य ठाणं झालं. जमीन सगळ्यांची मिळून, शेती उत्तम, सुतारकाम असं की त्यांच्या खुर्च्या आज म्युझियममध्ये आहेत. बी-बियाणं कागदी पाकिटांत घालून विकण्याच्या धंद्यात ते अगदी पहिल्यांपैकी. प्रार्थना म्हणजे सामूहिक गाणं आणि नाच. शहरातले लोक रविवारी गाड्या जोडून तो नाच बघायला येत, पण नाचणाऱ्यांना त्यांच्याशी देणंघेणं नसे. सोमवारी सकाळी तीच माणसं वाफ्यात. माझ्या 'दुसऱ्या दिवसाच्या' परीक्षेत शेकरांना पैकीच्या पैकी गुण! ब्रह्मचर्याच्या नियमामुळे आणि नवे लोक येईनासे झाल्यामुळे पंथ आटत गेला. ऑल्बनीची वस्ती १९३८ ला बंद झाली, न्यू लेबननची १९४७ ला, आणि आता सगळ्या अमेरिकेत मेन राज्यातल्या एका वस्तीत बोटांवर मोजण्याइतके उरलेत. म्हणजे उत्तम मेळावा भरवणं पुरेसं नाही, उद्या तो कोण भरवणार याचीही सोय लागते.

आता आजच्याकडे येतो. हे गोठे रिकामे का आहेत, हा प्रश्न या मेळाव्यांत सहसा निघत नाही. अमेरिकेत २००३ साली परवानाधारक डेअऱ्या सुमारे ७० हजार होत्या, २०२३ साली २६ हजारांच्या आसपास राहिल्या. गाई तेवढ्या कमी झाल्या नाहीत, त्या मोठ्या डेअऱ्यांत गेल्या. पन्नास-साठ गाईंवर संसार करणारी घरं उठली. तो सुंदर गोठा, ज्यात चेलो इतका छान घुमतो, तो घुमतो कारण आत गाई नाहीत. कलाकारांनी गाईंना हाकललं असं मुळीच नाही. बहुतेक वेळा त्यांनी पडायला आलेली इमारत वाचवली. पण आपण कुणाच्या मोडलेल्या संसारात बसून सारंगी ऐकतोय, एवढी जाण असावी. आणि शहरातून पैसेवाले येऊन शेतं घ्यायला लागले की जमिनीचे भाव चढतात, आणि शेजारच्या तरुण शेतकऱ्याला ती परवडेनाशी होते, हेही हिशेबात धरावं.

बरं, नुसती तक्रार करत नाही. नीट जमवून आणलेलंही इथेच आहे. ट्रॉयपासून तास-दीड तासावर मॅसॅच्युसेट्समध्ये साउथ एग्रेमाँटला 'इंडियन लाइन फार्म' आहे. १९८६ साली रॉबिन व्हॅन एन आणि तिच्या सोबत्यांनी तिथे एक साधी युक्ती चालू केली. गिऱ्हाइकांनी हंगामाच्या सुरुवातीलाच वर्षाचे पैसे भरायचे आणि मग दर आठवड्याला शेतात जे पिकेल त्यातला आपला वाटा न्यायचा. गारा पडल्या तर सगळ्यांचंच नुकसान. त्याच वर्षी न्यू हॅम्पशायरमध्येही असंच एक शेत सुरू झालं आणि पुढे ही पद्धत अमेरिकाभर पसरली. बियाणं घ्यायच्या वेळी शेतकऱ्याच्या हातात रोकड असणं याची किंमत ज्यानं सावकार पाहिलाय त्याला सांगावी लागत नाही. अशा शेतांवर सुगीनंतर जेवण होतं, गाणंबजावणं होतं, आणि ते वाटेकऱ्यांचं असतं, प्रेक्षकांचं नसतं.

दुसरं उदाहरण ट्रॉयच्या पूर्वेला, ग्राफ्टनच्या डोंगरातलं 'सोल फायर फार्म'. लिया पेनिमन आणि तिच्या कुटुंबानं खडकाळ उतार सुधारून २०१० च्या सुमाराला ते सुरू केलं. भाजीच्या पेट्या ऑल्बनी-ट्रॉयच्या अशा वस्त्यांत पोचवायच्या, जिथे धड भाजीचं दुकानही नाही, आणि पैसे ज्याला जसे झेपतील तसे. १९२० साली अमेरिकेतल्या शेतकऱ्यांत १४ टक्के कृष्णवर्णीय होते, आज दोन टक्केही नाहीत. त्या गेलेल्या जमिनीची आणि विसरलेल्या कसबाची गोष्ट लियाबाईंनी २०१८ साली 'फार्मिंग व्हाइल ब्लॅक' या पुस्तकात सांगितली. तिथेही लोकांना बोलावतात. पण सकाळी आधी हातात खुरपं येतं, जेवण त्यानंतर. इर्जिकच की ही!

'पण कलाकारानं खुरपं हातात घेतलंच पाहिजे का?' असं माझ्या एका चित्रकार मैत्रिणीनं मला जरा रागानंच विचारलं. मुळीच नाही. वाईट खुरपणाऱ्यापेक्षा चांगला चित्रकार बरा, रोपं तरी वाचतील. पण रस्त्यापलीकडच्या शेतकऱ्याचं नाव त्याला माहीत असावं. गवत कधी कापतात, कधी बांधतात, हे विचारून मेळाव्याची तारीख ठरवावी. महिनाभर तिथे राहून जे रचलं ते त्या टेकडीवरच्या माणसांना आधी दाखवावं आणि मॅनहॅटनला नंतर. एवढं झालं तरी खूप झालं.

आणि आता आपल्या घरचं. हे सगळं मी लिहितोय त्याला एक कारण आहे. 'रिटायर झाल्यावर गावच्या जमिनीवर असंच काहीतरी करायचं, शेतावर कलाकार येतील, शिबिरं होतील' हे वाक्य मी इथल्या मराठी मंडळींच्या तोंडून निदान डझनभर वेळा ऐकलंय. स्वप्न चांगलं आहे. कायद्यानं परदेशस्थ भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं मिळू शकते. म्हणजे हे स्वप्न बघणाऱ्यांची नावं आधीच सातबाऱ्यावर आहेत. आणि त्या जमिनीत सध्या कोण आहे? कुणीतरी अर्धेलीनं, वाट्यानं करतोय. चुलतभाऊ असेल, गावातला कुणी असेल. वीस वर्षं तो बांध घालतोय, विहिरीचा गाळ काढतोय. आपल्या पत्रकावरच्या 'कला, शेती आणि निसर्ग' यात त्याची जागा कुठे? भागीदार म्हणून, की पाहुण्यांच्या गाड्या लावायला? फार्महाऊस उठलं की त्याचा वाटा संपतो, हे आपण त्याला स्पष्ट सांगणार आहोत का? आपल्या आज्यानं खोताविरुद्ध संप केला असेल आणि नातवानं डॉलर आणून नवी खोती सुरू केली, असं व्हायला नको.

यापेक्षा मला आपली हुरडा पार्टी प्रामाणिक वाटते. थंडीत सुरती नाहीतर गूळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं शेणीच्या आगटीत भाजायची, चोळून पाखडून गरम गरम दाणे, सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. शहरातले लोक पैसे मोजतात आणि ते पैसे शेतकऱ्याच्या खिशात जातात. वर ताटं राहतात ती गुरांना वैरण होते. २००५ च्या सुमाराला बारामतीकडे पांडुरंग तावऱ्यांनी कृषिपर्यटनाचा प्रयोग सुरू केला, २०२० साली महाराष्ट्र सरकारनं त्याचं धोरणही आणलं. यातही रिसॉर्टवाले घुसलेत, नाही असं नाही. पण जिथे शेतकरी स्वतः यजमान आहे तिथे मामला सरळ आहे. तो काय विकतोय आणि आपण काय घेतोय हे दोघांनाही ठाऊक असतं. त्याला रात्री भारूड ठेवायचं असलं तर तो ठेवील, आणि भारूडवाल्याला बिदागीही देईल.

तेव्हा इथे काय किंवा गावी काय, असं काही काढणार असाल, किंवा कुणाच्या मेळाव्याला जाणार असाल, तर तीन गोष्टी विचारून बघा. जमीन कुणाची आणि करतो कोण? आजच्या पैशातला किती भाग त्या करणाऱ्याकडे जातो? आणि उद्या सकाळी काय काम आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यजमानाला पटकन देता आलं, 'उद्या टोमॅटोला काठ्या बांधायच्यात, येतोस का?' असं त्यानं म्हटलं, तर खुशाल राहा. रात्री गाणं ऐका आणि सकाळी सुतळी घेऊन जा. जुने कपडे न्या, टोमॅटोच्या पानांचे हिरवे डाग धुतल्यावरही जात नाहीत.